युद्धानंतरचे जगणे : कंबोडियाचा धडा

युद्धाचा इतिहास आपण शाळेपासून वाचत आलो. कोणत्या साली लढाई झाली, कोण जिंकले, कोणता तह झाला, हे आपणांस पाठ असते. परंतु तह झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देशातील बाईने चूल कशी पेटविली, मुलाला कोणी शिकविले, बाजारात मीठ कशाच्या बदल्यात मिळाले, हे इतिहासाच्या पुस्तकात फारसे सापडत नाही. खरे पाहता देश पुन्हा उभा राहतो तो या रोजच्या व्यवहारातून. प्रस्तुत लेखात हा विषय एका देशाच्या उदाहरणाने समजून घ्यावयाचा आहे. तो देश म्हणजे कंबोडिया.

कंबोडियाच निवडण्याचे कारण उघड आहे. तो थेरवादी बौद्धांचा देश आहे. तेथील गावागावांत विहार आहे. पंचशील जेथे लहानपणापासून म्हटले जाते, त्या देशात विसाव्या शतकातील सर्वांत भीषण हत्याकांडांपैकी एक घडले. हे बौद्ध म्हणविणाऱ्या प्रत्येकाला अस्वस्थ करणारे सत्य आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आणि त्याच देशातील साध्या माणसांनी पुन्हा जगणे कसे उभे केले, हेही तितकेच सत्य आहे.

काय काय मोडले?

१९५३ साली फ्रेंचांपासून स्वतंत्र झालेला हा लहान, शेतीप्रधान देश शेजारच्या व्हिएतनाम युद्धात ओढला गेला. १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकन विमानांनी त्याच्या खेड्यांवर लाखो टन बॉम्ब टाकले. १९७० साली राजपुत्र सिहानुक यांना पदच्युत करण्यात आले आणि यादवी युद्ध पेटले. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या नेतृत्वाखालील ख्मेर रूज या संघटनेच्या सैन्याने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली आणि सुमारे वीस लाखांचे ते शहर काही दिवसांत रिकामे केले. इस्पितळातील रुग्णांनाही खाटांवरून उठवून रस्त्याला लावले.

पुढील पावणेचार वर्षांत सुमारे ७५ ते ८० लाख लोकसंख्येपैकी १५ ते २० लाख माणसे उपासमार, रोग, वेठबिगारी आणि कत्तल यांत मेली. पण केवळ माणसे मारून हे राज्य थांबले नाही. माणसांना एकमेकांशी जोडणारी प्रत्येक गोष्ट त्याने तोडली. पैसा रद्द झाला. बाजार बंद झाला. शाळा, टपाल, न्यायालय बंद झाले. कुटुंबाने एकत्र जेवणे बंद होऊन सामुदायिक भोजनगृहे आली. भिक्खूंची चीवरे उतरविण्यात आली, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. राजधानीतील एका शाळेचे रूपांतर तुओल स्लेंग या छळछावणीत करण्यात आले. तेथे बारा हजारांहून अधिक माणसांना कोंडले गेले आणि जिवंत सुटलेले बोटांवर मोजण्याइतकेच. त्या तुरुंगाचा प्रमुख ‘डुच’ हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता, हेही लक्षात ठेवावयास हवे. केवळ शिक्षणाने माणूस करुणावान होतो असे नाही.

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने नॉम पेन्ह घेतले आणि ख्मेर रूजचे राज्य कोसळले. लोक पायी आपापल्या गावाकडे निघाले. हातात काही नाही, घर आहे की नाही ठाऊक नाही, घरचे कोण जिवंत आहे याचा पत्ता नाही. येथून आपल्या विषयाला खरी सुरुवात होते.

पैसा कसा परत आला?

बँकेच्या काउंटरवर वर्षानुवर्षे नोटा मोजणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला कंबोडियाच्या इतिहासातील हा भाग सर्वांत जास्त विचार करावयास लावतो. ख्मेर रूजने स्वतःच्या नोटा छापून घेतल्या होत्या, पण त्या चलनात आणल्याच नाहीत. राष्ट्रीय बँकेची इमारत सुरुंग लावून उडविण्यात आली. १९७९ साली लोक राजधानीत परतू लागले तेव्हा जुन्या नोटा रस्त्यावर कचऱ्यासारख्या पडल्या होत्या. त्यांना कोणी हात लावत नव्हते.

मग बाजार कसा चालला? तांदळावर. आटविलेल्या दुधाचा रिकामा पत्र्याचा डबा हेच माप झाले, जसे आपल्याकडे मापटे-चिपटे होते तसे. मासे घ्या, इतके डबे तांदूळ. कापडाचा तुकडा घ्या, इतके डबे तांदूळ. मोठ्या व्यवहाराला सोन्याचा तुकडा आणि सीमेकडे थायलंडचे किंवा व्हिएतनामचे चलन. सरकारी नोकरांनाही आरंभी पगार म्हणून धान्यच मिळे.

२० मार्च १९८० रोजी ‘रिएल’ हे राष्ट्रीय चलन पुन्हा सुरू झाले. त्यावेळी एका रिएलची किंमत एक किलो तांदूळ अशी धरण्यात आली. ही गोष्ट वरवर साधी वाटते, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. पाच वर्षे पैसा पाहिलाच नाही अशा माणसाला कागदाच्या तुकड्यावर विश्वास ठेवावयास सांगावयाचे तर त्याला कळेल अशाच वस्तूशी त्याची सांगड घालावी लागते. त्याला तांदूळ कळत होता.

आपल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने एक वचन छापलेले असते. आपण ते कधी वाचत नाही, कारण आपला त्यावर विश्वास आहे. नोट म्हणजे वचन, आणि वचन मोडले की नोट म्हणजे रद्दी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. चलनाची खरेदीशक्ती स्थिर राहिली पाहिजे हा त्यातील आग्रह गरिबाच्या बाजूचा होता, कारण पैशाची किंमत ढासळली की सर्वांत आधी मजुराच्या ताटातील भाकरी कमी होते. कंबोडियाने याचा टोकाचा अनुभव घेतला. नव्वदीच्या आरंभी महागाई भडकली, त्याच सुमारास परदेशी फौजा व संस्था डॉलर घेऊन आल्या, आणि लोकांनी बचत डॉलरमध्ये ठेवावयास सुरुवात केली. आजही तेथे डॉलर व रिएल दोन्ही चालतात. मोडलेला विश्वास किती सावकाश परत येतो याचे हे उदाहरण होय.

बँका लोकांपर्यंत पोहोचण्याच्या आधीपासून कंबोडियातील बायका ‘तोंगतिन’ चालवीत. हे काय असते हे आपल्या भगिनींना समजावून सांगण्याची गरज नाही. ती आपली भिशीच आहे. ठराविक बायकांनी दरमहा ठराविक रक्कम टाकावयाची आणि पाळीपाळीने एकीने उचलावयाची. कागद नाही, तारण नाही, केवळ शब्दावर. ज्या देशात शेजाऱ्याच्या एका चुगलीने माणसाचा जीव जात होता, तेथे शब्दावर पैसे देणे पुन्हा सुरू झाले, ही बँकेच्या उद्घाटनाइतकीच मोठी घटना मानली पाहिजे.

शेत, बैल आणि विधवा

युद्धानंतर गावांत पुरुष फार कमी उरले होते. प्रौढांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त होती आणि असंख्य घरांचा भार विधवांवर होता. बैल मेले होते, नांगर मोडले होते, बियाणे खाल्ले गेले होते. एकट्या घराला शेत करणे शक्यच नव्हते. नव्या सरकारने ‘क्रोम सामकी’ म्हणजे एकजुटीचे गट बनविले. साधारण दहा ते पंधरा कुटुंबांनी जमीन, बैल आणि श्रम एकत्र करावयाचे आणि पीक वाटून घ्यावयाचे.

या गटांना आदर्श मानण्याचे कारण नाही. सक्तीच्या सामुदायिक शेतीने होरपळलेल्या लोकांना पुन्हा सामुदायिक शेती नको होती. हळूहळू गट सैल झाले, घरोघर वाटे पडले आणि १९८९ मध्ये जमीन पुन्हा खाजगी मालकीची झाली. तरीही पहिल्या दोन-तीन हंगामांत बैल नसलेल्या विधवेच्या शेतात नांगर चालला तो या व्यवस्थेमुळे आणि त्याहीपेक्षा जुन्या सावड पद्धतीमुळे. आज तुझी लावणी, उद्या माझी. आपल्या कोकणात व घाटावर सावड असते, तशीच तेथे भाताच्या लावणीला असते.

खडू आणि नृत्य

१९७९ च्या शेवटी शाळा पुन्हा उघडल्या. शिक्षक मेले होते किंवा देश सोडून गेले होते. पुस्तके जाळली गेली होती. डॉक्टरांची स्थिती याहून वाईट होती, सबंध देशात सुमारे पन्नासच उरले होते असे सांगतात. अशा वेळी एक साधे धोरण ठरले : ज्याला जास्त येते त्याने कमी येणाऱ्याला शिकवावे आणि ज्याला थोडे येते त्याने काहीच न येणाऱ्याला शिकवावे. काही इयत्ता शिकलेली तरुण मुलगी गुरुजी झाली. झाडाखाली वर्ग भरले. दर्जा कमी होता हे खरे, पण दर्जाची वाट पाहत बसले असते तर एक पिढी निरक्षर राहिली असती. रात्रीच्या शाळेत कंदिलाच्या उजेडात शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना यातील मर्म लगेच समजेल.

कलेच्या बाबतीत तर एका वृद्ध स्त्रीचे ऋण कंबोडिया कधी विसरणार नाही. तिचे नाव चीआ सामी. राजवाड्यात लहानपणापासून नृत्य शिकलेली ही बाई पोल पॉटच्या थोरल्या भावाची पत्नी होती. पोल पॉट म्हणजेच आपला दीर सालोथ सार, हे त्या राज्यात इतरांसारखेच राबत असताना एके दिवशी त्याचे चित्र पाहून तिला कळले. नात्याचा तिला काहीही उपयोग झाला नाही. शास्त्रीय नर्तक-नर्तिकांपैकी बहुसंख्य त्या काळात नष्ट झाले. या नृत्याच्या हजारो मुद्रा गुरूच्या देहात आणि स्मरणात असतात. चीआ सामी आणि तिच्यासारख्या वाचलेल्या थोड्या जणींनी आठवेल तशी एकेक मुद्रा जुळवून अनाथ मुलांना शिकविली. १९८१ साली कलाशाळा पुन्हा सुरू झाली. १९९४ साली ती वारली, आणि २००८ साली हे नृत्य युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदले गेले.

चीवर परत आले

१९७५ पूर्वी कंबोडियात साठ हजारांच्या आसपास भिक्खू होते. १९७९ मध्ये चीवरधारी असा जवळजवळ कोणी उरला नाही. उपसंपदेसाठी संघ लागतो हे आपण जाणतो. मग संघच नसेल तर? सप्टेंबर १९७९ मध्ये व्हिएतनाममधील थेरवादी भिक्खू आले आणि त्यांनी सात जुन्या भिक्खूंना पुन्हा उपसंपदा दिली. तेथून परंपरा पुन्हा सुरू झाली. परंतु सरकारला शेतात आणि सैन्यात तरुण हवे होते, म्हणून पन्नाशीच्या आतील पुरुषांना भिक्खू होण्यास बंदी होती. ती १९८९ च्या सुमारास उठली आणि त्याच वर्षी बौद्ध धम्म पुन्हा राष्ट्रधर्म झाला.

सरकारी बंधने असतानाही गावकऱ्यांनी विहार बांधले. कोणी तांदूळ दिला, कोणी लाकूड, कोणी दोन दिवसांची मेहनत. पहिले विहार गवताने शाकारलेले होते. तेथे दरवर्षी भादव्याच्या सुमारास ‘प्चुम बेन’ हा पंधरा दिवसांचा सण असतो. मृत आप्तांच्या स्मरणार्थ विहारात भाताचे गोळे आणि भोजनदान देतात. ज्यांच्या आप्तांचा मृतदेह मिळाला नाही, मृत्यूची तारीखही माहीत नाही, त्यांना शोक व्यक्त करावयास ही एकच जागा होती. ते शास्त्राला धरून आहे की नाही ही चर्चा आपण करू शकतो. पण ज्या आईला मुलासाठी रडण्याचीही बंदी होती, तिला विहारात बसून त्याचे नाव घेता आले, एवढे पुरे आहे.

या प्रसंगी भदन्त महाघोसानंद यांचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५३ च्या सुमारास ते भारतात येऊन बिहारमध्ये नालंदा येथे शिकले. कत्तलीच्या काळात ते थायलंडमधील अरण्यविहारात होते म्हणून वाचले, त्यांचे सर्व कुटुंब मात्र नाहीसे झाले. सीमेवरील निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी झोपडीचा विहार उभारला, मेत्तसुत्ताच्या प्रती वाटल्या आणि धम्मपदातील अवैराची जी गाथा आपण विहारात ऐकतो ती हजारो निर्वासितांसमोर म्हटली. वर्षांनंतर पाली शब्द कानी पडताच लोक धाय मोकलून रडले. त्या छावण्यांत ख्मेर रूजचे लोकही होते. भदन्तांनी त्यांना वेगळे काढले नाही, यावरून त्यांच्यावर टीकाही झाली.

२३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिसचा शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रांचे सैन्य आले, त्यात भारतीय तुकडीही होती. १९९२ साली भदन्तांनी ‘धम्मयात्रा’ सुरू केली. थायलंडच्या सीमेपासून नॉम पेन्हपर्यंत भिक्खू, शीलधारी वृद्ध स्त्रिया आणि निर्वासित पायी चालले. वाटेत अनेकांना कित्येक वर्षांनी आपले नातलग भेटले. १९९३ साली निवडणुकीपूर्वी धुमसत्या प्रदेशातून दुसरी यात्रा निघाली. त्या निवडणुकीत धमक्या असूनही सुमारे नव्वद टक्के मतदान झाले. १९९४ च्या यात्रेत गोळीबारात एक भिक्खू आणि एक शीलधारी स्त्री मृत्युमुखी पडली, तरी यात्रा दरवर्षी निघत राहिली. भदन्त २००७ साली निवर्तले.

जमिनीत पुरलेले युद्ध

तह झाला तरी युद्ध जमिनीत राहिले होते. भूसुरुंग शत्रू आणि शेतकरी यांत फरक करीत नाही. १९७९ पासून सुरुंग व न फुटलेल्या बॉम्बनी ६४ हजारांहून अधिक माणसे मारली वा जखमी केली. एकट्या १९९६ साली चार हजारांवर लोक बळी पडले. सरपण आणावयास गेलेली बाई, गुरे राखणारा मुलगा हेच त्यात जास्त. आपल्याकडचा रबरी जयपूर फूट तेथील अपंगांनाही उपयोगी पडला आणि अनेकजण पुन्हा भातखाचरात उभे राहू शकले.

सुरुंग काढण्याचे काम इंच-इंच चालते. त्यात शेकडो स्थानिक स्त्री-पुरुष आहेत. टांझानियात शिकविलेले मोठे उंदीरही वासावरून सुरुंग शोधतात. वजन कमी असल्याने त्यांच्या पायाखाली तो फुटत नाही. ‘मगावा’ नावाच्या उंदराने शंभराहून अधिक स्फोटके शोधली आणि २०२० साली त्याला शौर्याचे सुवर्णपदक मिळाले. अलीकडे वर्षाला होणाऱ्या दुर्घटना शंभराच्या आत आल्या आहेत. चार हजारांवरून शंभराच्या आत, हा आकडा कोणत्याही लढाईतील विजयापेक्षा मोठा आहे.

न्याय आणि शेजार

सर्वांत कठीण प्रश्न शेजाराचा होता. मारणारे आणि वाचलेले एकाच गावात राहत होते, एकाच तळ्याचे पाणी भरत होते. पोल पॉट १९९८ साली शिक्षा न होताच मेला. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने स्थापन झालेल्या विशेष न्यायालयाने २००६ पासून २०२२ पर्यंत काम केले आणि अखेर तीनच जणांना शिक्षा झाली. डुच, नुओन चीआ आणि ख्यू सांफान. एवढ्या मोठ्या अपराधाला तीन आरोपी हे पुरेसे नाही, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु साक्षीदाराने उभे राहून आपली हकीकत सांगितली, ती नोंदली गेली, हजारो खेडूत बसगाड्यांनी येऊन ती ऐकून गेले. अपराध नोंदला जाणे हा न्यायाचा पहिला टप्पा होय. ज्यांच्यावरील अन्याय पिढ्यान्पिढ्या कोणत्याच दप्तरात नोंदला गेला नाही, अशा समाजाला याचे मोल वेगळे सांगावयास नको.

अवैर म्हणजे अपराध विसरणे असा अर्थ कोणी काढू नये. सूड न घेणे आणि सत्य सांगत राहणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

अजून काय बाकी आहे?

कंबोडियाचे सर्व प्रश्न सुटले असे समजू नये. १९९८ नंतरच्या दोन दशकांत अर्थव्यवस्था दरसाल सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढली, कपड्यांच्या कारखान्यांत लाखो मुलींना काम मिळाले. पण २०१७ साली प्रमुख विरोधी पक्ष बरखास्त करण्यात आला. २०२५ साली थायलंडच्या सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या आणि दोन्हीकडच्या लाखो लोकांना घरे सोडावी लागली. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यात पुन्हा एकदा गाठोडे बांधावे लागले.

कर्जाचा प्रश्न आमच्या धंद्यातला म्हणून मुद्दाम सांगतो. गरिबांना लहान कर्ज मिळावे म्हणून नव्वदीत सुरू झालेल्या संस्थांनी आरंभी चांगले काम केले. पुढे त्यांतील काही मोठ्या बँका झाल्या, कर्जाच्या रकमा वाढल्या आणि घराच्या वा शेताच्या कागदावर कर्ज देण्याची रीत पडली. हप्ता थकला की कुटुंब जमीन विकते, मूल शाळा सोडून कारखान्यात जाते, असे तेथील मानवी हक्क संघटनांनी दाखवून दिले आहे. जी जमीन युद्धातून वाचली, जिच्यातील सुरुंग जीव धोक्यात घालून काढले, ती हप्त्यापायी जावी यासारखी शोकांतिका नाही. कर्ज हे औषधासारखे आहे, मात्रा कोणी आणि कशासाठी ठरविली हे महत्त्वाचे.

आपण काय घ्यावे?

कंबोडियाच्या या कहाणीत राजे, सेनापती, परदेशी सरकारे पुष्कळ आहेत. पण मोडलेले जगणे जोडले ते डब्याने तांदूळ मोजणाऱ्या बाईने, झाडाखाली शिकविणाऱ्या मुलीने, आठवून आठवून मुद्रा शिकविणाऱ्या वृद्धेने आणि गवताचा विहार शाकारणाऱ्या गावकऱ्यांनी. त्यांनी जोडलेली वस्तू एकच होती : एका माणसाचा दुसऱ्यावरील विश्वास. तो हुकमाने येत नाही. उसने घेतलेले माप परत करावे, भिशीचा हप्ता वेळेवर भरावा, सावडीला ठरल्या दिवशी जावे, अशा लहान वचनांतून तो दाणा दाणा साठतो. कल्याण संस्थेची वर्गणी, तिचा चोख हिशेब आणि अडल्या घरी वेळेवर पोहोचणे यांना आपण किरकोळ समजतो. पण उद्या संकट आले तर समाजाला तारणारी पुंजी हीच असते, आणि ती संकटापूर्वी जमवावी लागते.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१) चलन सुरू करताना त्याची किंमत तांदळाशी का जोडली गेली? आपल्या घरातील व्यवहारातून असे एखादे उदाहरण सांगा.

२) अवैर आणि न्याय यांत विरोध आहे काय? भदन्त महाघोसानंद यांची धम्मयात्रा आणि विशेष न्यायालय यांच्या आधारे विचार करा.

३) आपल्या वस्तीत वचनावर चालणारे कोणते व्यवहार आज उरले आहेत? ते टिकविण्यासाठी आपली संस्था काय करू शकेल?